मर्यादेयं विराजते : मोठ्या फाइली, अपुरी मेमरी आणि एक सोयीस्कर सबब

१/
शिवकालीन पत्रे पाहिलेल्यांना एक छोटी मुद्रा परिचयाची असते. पत्राचा मजकूर जिथे संपतो तिथे ती उमटवलेली असते आणि तिच्यावर अक्षरे असतात : ‘मर्यादेयं विराजते’. मजकूर येथे संपला, याच्या खाली कोणी काही वाढवले तर ते आमचे नव्हे, असे ती मुद्रा बजावते. कागदाची मर्यादा कागदावरच जाहीर करण्याची ही शिस्त होती. आजचा थ्रेड अशी मुद्रा नसलेल्या यंत्राविषयी आहे. मोठा आहे, सवडीने वाचा.

२/
फार मोठा दस्तऐवज संगणकावर उघडून दुरुस्त करू लागले की यंत्र अडखळते, गोठते, कधी फाइलच उघडत नाही. कारण विचारले तर ठरलेले उत्तर मिळते : ‘मेमरी कमी पडते.’ जणू ही पावसापाण्यासारखी गोष्ट आहे, तिला कोणी कर्ता नाही. माझे म्हणणे असे, की हे उत्तर बहुतेक वेळा अपुरे असते आणि पुष्कळदा सबब असते. मर्यादा असतात, परंतु त्या कोणीतरी, कधीतरी, काही हेतूने आखलेल्या असतात. ज्या गोष्टीला कर्ता आणि तारीख आहे, तिला इतिहास आहे. आणि इतिहास असलेल्या गोष्टीला जाब विचारता येतो.

३/
आधी माझी कहाणी, म्हणजे हा राग कुठून आला ते कळेल. एका जुन्या मराठी नियतकालिकाच्या अनेक वर्षांच्या अंकांचा यंत्रवाचित मजकूर मी एका फाइलीत जुळवला होता. आकार सुमारे १८० मेगाबाइट. प्रश्न साधा होता : ‘कामकरी’ हा शब्द मागे पडून ‘कामगार’ हा शब्द या पानांत केव्हा रुळला? यंत्राने ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ केलेला असल्यामुळे आधी शुद्धीकरण करणे भाग होते. फाइल एका एडिटरमध्ये उघडली. ती मुकाट उघडली. मी दुरुस्त्या करत गेले आणि जतन करत गेले.

४/
तीन आठवड्यांनी मोजणी केली. ‘कामगार’ अत्यंत विरळ! प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात मी तसे वाक्यही लिहून टाकले. सुदैवाने नंतरच्या एका अंकातील एक लेख मी ग्रंथालयात प्रत्यक्ष कागदावर वाचलेला होता आणि त्याच्या शीर्षकातच तो शब्द होता. तो शोधला, तर फाइल म्हणाली : असा लेख नाही. शेवटी पाहिले, तेव्हा शेवटच्या काही वर्षांचे अंकच फाइलीत नव्हते. एडिटरने जेवढे पेलवले तेवढे उघडले होते, उरलेले सोडून दिले होते आणि मी ‘जतन करा’ म्हटल्यावर तो तुटका मजकूर मूळ फाइलीवर लिहिला होता. इशारा एका ओळीचाही नाही.

५/
मूळ छायाचित्रे शाबूत होती, म्हणून नुकसान तीन आठवड्यांच्या श्रमांवर भागले. परंतु एक खोटे विधान माझ्या प्रबंधात जवळजवळ शिरले होते, आणि ते एखाद्या पूर्वग्रहामुळे किंवा आळसामुळे नव्हे, तर फाइलीच्या कापलेल्या टोकामुळे. हे मी जाणत्यांना सांगितले तेव्हा दोन सल्ले मिळाले : ‘रॅम वाढवून घ्या’ आणि ‘एवढी मोठी फाइल करायचीच कशाला, तुकडे करा’. दोन्ही सल्ल्यांत दोष वापरणाऱ्याकडे जातो. म्हणून या सल्ल्यांची ऐतिहासिक तपासणी करायचे ठरवले.

६/
प्रथम यंत्रात काय घडते ते पाहू. संगणकाकडे साठवणीच्या दोन जागा असतात : डिस्क, जी मोठी पण संथ; आणि मेमरी, जी लहान पण वेगवान. भाबडा एडिटर अख्खी फाइल डिस्कवरून उचलून मेमरीत आणतो. मग प्रत्येक अक्षर आतल्या आत रुंद सांकेतिक रूपात बदलतो, प्रत्येक ओळ कुठे मोडते याचा हिशेब ठेवतो, ‘पूर्ववत करा’साठी प्रत्येक बदलाची आठवण ठेवतो, शब्द तपासत राहतो. १८० मेगाबाइटची फाइल अशा रीतीने मेमरीत कितीतरी पट जागा अडवते. पडद्यावर मात्र एका वेळी चाळीस-पन्नास ओळीच दिसत असतात.

७/
आता प्रश्न असा : चाळीस ओळी पाहण्यासाठी तीस हजार पाने उचलून आणण्याची गरज आहे का? दप्तरखान्यातला कारकून एक कागद मागितला म्हणून सगळे दप्तर आपल्या टेबलावर ओतत नाही. यादी पाहतो, रुमाल काढतो, कागद देतो. संगणकाच्या इतिहासात हाच विचार फार लवकर झालेला आहे. ‘पूर्वी मेमरी कमी होती म्हणून मोठे काम अशक्य होते, आता यंत्रे प्रगत झाली’ ही जी प्रगतीची सरळ रेषा आपण गृहीत धरतो, ती इथे टिकत नाही.

८/
पहिला साक्षीदार १९६२ चा. मँचेस्टरमध्ये टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला ‘अ‍ॅटलास’ संगणक त्या वर्षी डिसेंबरात अधिकृतपणे सुरू झाला. त्याची वेगवान मेमरी सुमारे १६,००० यंत्रशब्दांची. तिच्या मागे फिरत्या ड्रमांवर सुमारे ९६,००० शब्दांची संथ साठवण. अ‍ॅटलासने या दोहोंना एकच सलग जागा असल्यासारखे वागवले. हवे ते पान ड्रमवरून वर यायचे, नको ते परत जायचे. लिहिणाऱ्याला सरकासरक दिसतच नसे. आज ज्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात तिचा हा आरंभ. अपुऱ्या मेमरीचे उत्तर साठ वर्षांहून अधिक जुने आहे.

९/
दुसरा साक्षीदार ‘एड’. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये युनिक्ससाठी हा एडिटर लिहिला. पुढे युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रांवर वाढले, तिथे एका प्रोग्रामला फार तर ६४ किलोबाइट पत्त्यांची जागा दिसे. त्या काळच्या एडने मजकूर मेमरीत ठेवलाच नाही. तो डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत ठेवला आणि मेमरीत केवळ कोणती ओळ कुठे आहे याची यादी बाळगली. एड उद्धट म्हणून प्रसिद्ध आहे : काहीही चुकले की तो केवळ ‘?’ एवढेच छापत असे. तरी माझ्या एडिटरने मला तेवढे प्रश्नचिन्हही दाखवले नाही, हे नोंदवून ठेवते.

१०/
तिसरा साक्षीदार ‘वर्डस्टार’. १९७८ साली सीमोर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीने तो बाजारात आणला; लिहिणारे रॉब बार्नबी. तो ज्या सीपी/एम यंत्रांवर चाले त्यांची एकूण मेमरी ६४ किलोबाइटांपर्यंत. त्यातच यंत्रणा बसवायची, त्यातच वर्डस्टार बसवायचा आणि उरलेल्या जागेत लेखकाचा मजकूर. तरीही वर्डस्टारमध्ये मेमरीहून मोठा दस्तऐवज संपादित करता येत असे, कारण मजकूर पुढेमागे होईल तसा तो फ्लॉपीवर नेला-आणला जाई. संथ होते, फ्लॉपीचा आवाज येत असे. पण प्रकरण मोठे आहे म्हणून शेवट गिळला जात नसे.

११/
चौथी गोष्ट सर्वांत सुंदर आहे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ मध्ये ‘आल्टो’ यंत्रासाठी ‘ब्राव्हो’ हा एडिटर घडवला. त्यात जे. स्ट्रॉदर मूर यांनी सुचवलेली एक रचना वापरली होती. तिला ‘पीस टेबल’ म्हणतात. नियम सोपा : मूळ मजकुराला हात लावायचा नाही. नवे शब्द वेगळ्या जागी एकामागून एक लिहीत जायचे. आणि एक छोटी यादी ठेवायची : मूळचा एवढा तुकडा, मग नव्यातला एवढा, मग पुन्हा मूळचा पुढचा तुकडा.

१२/
हस्तलिखिते हाताळणाऱ्यांना हे नवे वाटू नये. पोथीत एखादा शब्द राहून गेला तर लेखक अख्खे पान पुन्हा लिहीत नसे. ओळीत काकपद करायचा आणि राहिलेला शब्द समासात लिहायचा. वाचणारा काकपदापाशी थांबून समासात जाई आणि परत ओळीत येई. पीस टेबल म्हणजे काकपदांची यादी. तिचा आकार मूळ ग्रंथ किती मोठा आहे यावर ठरत नाही, तुम्ही किती दुरुस्त्या केल्या यावर ठरतो. मूळ ग्रंथ डिस्कवर निवांत पडून राहिला तरी चालते.

१३/
सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. १९८३ साली आलेल्या ‘वर्ड’मध्ये हीच कल्पना होती. हे ऐकीव म्हणून सांगत नाही : २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने विंडोजसाठीच्या वर्ड १.१ए चा मूळ प्रोग्राम अभ्यासकांसाठी खुला केला. आपल्या शास्त्रात याला अस्सल साधन म्हणतात. बखरीपेक्षा पत्र जसे विश्वसनीय, तसा जाहिरातीपेक्षा प्रोग्रामचा मूळ मजकूर विश्वसनीय. अशी आणखी दप्तरे उघडली पाहिजेत. कारण मर्यादा कोणी आखली हे तिथेच लिहिलेले असते.

१४/
बखरीचा विषय निघालाच आहे तर एक दंतकथाही निकालात काढू. ‘६४० किलोबाइट कोणालाही पुरेसे आहेत’ असे बिल गेट्स १९८१ मध्ये म्हणाले, हे विधान दरवर्षी फिरते. त्याला समकालीन पुरावा आजवर कोणी दिलेला नाही आणि स्वतः गेट्स यांनी ते साफ नाकारले आहे. मर्यादा मात्र खरी होती. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसरला एकूण १ मेगाबाइटचे पत्ते देता येत. त्यातला वरचा भाग पडदा आणि इतर यंत्रणेसाठी राखला आणि प्रोग्रामांना ६४० किलोबाइट उरले.

१५/
दंतकथा का टिकते? कारण ती एका रचनेच्या निर्णयाचे रूपांतर एका माणसाच्या उद्गारात करते. हसून विषय संपतो. वस्तुतः तो निर्णय किंमत, उपलब्ध चिप आणि घाई यांच्या ताणातून झालेला होता आणि त्याची सावली पुढे कितीतरी वर्षे प्रत्येक प्रोग्रामवर पडली. इतिहासाचे काम उद्गार शोधण्याचे नाही, निर्णय शोधण्याचे आहे. तसे दोन निर्णय आता पाहू. दोन्हींत यंत्र तेच राहिले आणि मर्यादा बदलली.

१६/
पहिला, नोटपॅड. विंडोज ९५ आणि ९८ मधल्या नोटपॅडला सुमारे ६४ किलोबाइटांहून मोठी फाइल उघडता येत नसे. त्याच काळातल्या विंडोज एनटीमधल्या नोटपॅडला ती येई. दोन्ही एकाच प्रकारच्या यंत्रावर बसवता येत. तेव्हा ६४ किलोबाइट ही यंत्राच्या मेमरीची मर्यादा नव्हतीच. त्या यंत्रांत कित्येक मेगाबाइट मेमरी असे. ती मजकुराच्या चौकटीमागे राहिलेल्या जुन्या १६ बिटी हिशेबाची मर्यादा होती. १६ बिटांत ६५,५३६ पर्यंतच मोजता येते. जुना गज नव्या कापडाला लावला होता, एवढेच.

१७/
एक श्रेय द्यायला हवे. ते नोटपॅड मोठी फाइल पाहून सरळ सांगत असे की ही माझ्या आवाक्याबाहेर आहे, वर्डपॅडमध्ये उघडू का? तोकडे होते, पण प्रामाणिक होते. मजकुराचा एक शब्द हरवत नसे. आपली मर्यादा दारातच सांगणारा माणूस आणि घरात घेऊन अर्धे सामान परस्पर फेकून देणारा माणूस, यांत जो फरक आहे तो या ठिकाणी आहे. माझी तक्रार पहिल्याविरुद्ध कधीच नव्हती.

१८/
दुसरा निर्णय ‘ईमॅक्स’चा. या जुन्या, मुक्त एडिटरच्या फार जुन्या आवृत्त्यांना ८ मेगाबाइटांपलीकडच्या फाइली झेपत नसत. १९.२९ पासून ३२ बिटी यंत्रांवर ही मर्यादा १३,४२,१७,७२७ बाइट झाली. २२ व्या आवृत्तीत २५६ मेगाबाइट, २३.२ मध्ये ५१२ मेगाबाइट. यंत्र तेच, ३२ बिटी. बदलले काय? ईमॅक्स प्रत्येक आकड्यासोबत ‘ही कोणत्या जातीची वस्तू आहे’ हे सांगणारे काही बिट राखून ठेवत असे. ते राखीव बिट जसे कमी केले, तशी फाइलीला मोजायला जागा वाढली.

१९/
हा पुरावा निर्णायक आहे असे मला वाटते. मर्यादा दुप्पट होण्यासाठी कोणालाही मेमरीची नवी पट्टी विकत घ्यावी लागली नाही; कोणीतरी बसून बिटांची फेरवाटणी केली. आणि ईमॅक्सच्या मंडळींनी प्रत्येक वेळी नवा आकडा आपल्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवला, म्हणून तर मला आज तो सांगता येतो. उलट ‘मेमरी पुरत नाही’ हे उत्तर देणाऱ्याला विचारून पाहा : कोणाची मेमरी? यंत्राची की तुमच्या रचनेची? आणि नेमकी किती?

२०/
आता प्रतिपक्ष. अभियंते म्हणतील : प्रत्येक मर्यादेमागे तडजोड असते. सामान्य माणूस दहा पानांचे पत्र लिहितो; त्याच्यासाठी वेग महत्त्वाचा, तीस हजार पानांची सोय नव्हे. हा मुद्दा मला संपूर्ण मान्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या माहितीत वर्डसाठी चित्रे वगळून निव्वळ मजकुराची कमाल मर्यादा ३२ मेगाबाइट दिलेली आहे. एखाद्या कादंबरीकाराला ती जन्मात जाणवणार नाही. माझे भांडण मर्यादा असण्याशी नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रालाही मर्यादा होती. भांडण तिच्यावर मुद्रा नसण्याशी आहे.

२१/
कारण मुद्रा नसली की काय होते, ते आपण अलीकडेच पाहिले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जाहीर केले की २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोविडचे १५,८४१ बाधित दैनंदिन आकडेवारीत आलेच नव्हते. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या लांब याद्या आपोआप एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या. त्या साच्यात ६५,५३६ ओळी मावतात. पुढच्या ओळी गळून पडल्या. पुन्हा तेच १६ बिट! आणि २००७ पासून एक्सेलच्या नव्या साच्यात १०,४८,५७६ ओळी मावत होत्या.

२२/
त्या बाधितांना आपापला निकाल कळला होता. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढण्याचे काम त्या गळतीमुळे लांबले, आणि साथीत उशीर म्हणजे काय हे आपल्याला शिकवावे लागत नाही. बातम्यांत याला ‘तांत्रिक अडचण’ म्हटले गेले. अडचण हा शब्दच फसवा आहे. अडचण दिसते, माणूस तिथे थांबतो. इथे कोणी थांबलेच नाही, कारण यादी पूर्ण दिसत होती. माझ्या तीन आठवड्यांची या घटनेशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करत नाही. रीत मात्र तीच होती.

२३/
आता आपल्या घरचा प्रश्न. मर्यादा बाइटमध्ये आखली की ती सर्व भाषांना सारखी बसत नाही. यूटीएफ-८ या आजच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत साध्या रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. रोमन लिपीत हेच नाव ११ बाइटांत बसते. ६५,५३६ बाइटांच्या फाइलीत इंग्रजीची तेवढीच अक्षरे मावतात, मराठीची फार तर २१,८४५ चिन्हे. कुंपण तेच, आपले वावर एकतृतीयांश.

२४/
यात कोणाचा कट नाही, हे स्पष्ट सांगते. यूटीएफ-८ ची रचना १९९२ मध्ये केन थॉम्पसन (होय, एडचेच) आणि रॉब पाइक यांनी केली. जुन्या इंग्रजी फाइली एकही बाइट न बदलता चालाव्यात ही तिची अट होती आणि तिचे जगावर उपकार आहेत. आपल्याकडे १९९१ च्या इस्की मानकात एका चिन्हाला एकच बाइट लागे, पण त्यात जगातल्या सगळ्या लिप्या एकत्र नांदू शकत नव्हत्या. तडजोड समजते. परंतु ‘एवढ्या मेगाबाइटपर्यंत चालेल’ असे सांगणाऱ्याने ते कोणत्या लिपीत मोजले हेही सांगावे. जुन्या एसएमएसमध्ये इंग्रजीला १६० अक्षरे आणि मराठीला ७०, हे आपण निमूट सोसलेच होते.

२५/
राहिला सल्ला : ‘तुकडे करा’. सोय म्हणून ठीक, परंतु तो निरुपद्रवी नाही. तुकडे वर्षांनुसार केले तर शब्दाचा प्रवास तुटतो. लेखकांनुसार केले तर काळ तुटतो. म्हणजे कोणता प्रश्न सहज विचारता येईल हे आधी कात्री ठरवते. पेशवे दप्तरही रुमालांत बांधलेले आहे आणि त्या बांधणीचा परिणाम संशोधनावर होतो, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. फरक इतकाच, की रुमालाची गाठ डोळ्यांना दिसते आणि तिची नोंद यादीत असते. फाइलीच्या तुकड्यांची अशी यादी आपणच ठेवायची असते, हे कोणी सांगत नाही.

२६/
म्हणून मागण्या तीन. एक : प्रत्येक एडिटरने आपली कमाल मर्यादा वापरणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी, बाइटमध्ये आणि चिन्हांमध्ये सांगावी. दोन : न पेलणारी फाइल नाकारावी किंवा केवळ वाचण्यापुरती उघडावी, अपुरी उघडलेली फाइल मूळ फाइलीवर जतन करू देऊ नये. तीन : आपल्या विद्यापीठांत आणि ग्रंथालयांत कागदपत्रांचे संगणकीकरण होत आहे, त्या प्रकल्पांनी ‘किती पाने झाली’ यासोबत ‘पहिली आणि शेवटची नोंद जुळवून पाहिली’ असा शेराही द्यावा. यातली एकही मागणी पूर्ण करायला नवे यंत्र लागत नाही.

२७/
आणि माझ्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी चार सवयी, अनुभवाची फी भरून शिकलेल्या. मूळ फाइल वेगळी ठेवा, तिच्यात कधीही लिहू नका. काम सुरू करण्यापूर्वी ओळींची संख्या आणि फाइलीचा आकार वहीत लिहा, संपल्यावर पुन्हा पडताळा. फाइल उघडली की सर्वप्रथम शेवटच्या ओळीवर जा आणि ती खरोखर शेवटची आहे का ते पाहा. आणि प्रत्येक मजकुराच्या शेवटी एक खुणेची ओळ स्वतः लिहा. ती दिसली नाही तर हात थांबवा. मी माझ्या फाइलींच्या शेवटी आता दोन शब्द लिहिते. कोणते ते ओळखले असेलच.

२८/
‘कामगार’ शब्दाचे पुढे काय झाले, असे काही जण विचारतील. दुरुस्त फाइलीवर मोजणी पुन्हा चालू आहे. मसुद्यातले ते वाक्य मी खोडले, पण पान फाडले नाही. समासात काकपद करून खोडण्याचे कारण आणि तारीख लिहून ठेवली. यंत्राकडूनही माझी अपेक्षा याहून मोठी नाही. थ्रेडमधल्या एखाद्या तपशिलात चूक आढळली तर पुराव्यासह दाखवावी, दुरुस्ती जाहीरपणे करीन.

बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.